तंटामुक्त गावातली तक्रार

"वहिनी, एक तक्रार पाहिजे," भाऊजी फोनवर म्हणाले.

माझ्या धाकट्या दिराच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यांच्या गावाच्या कमानीवर 'तंटामुक्त गाव' असं लाल अक्षरांत रंगवलेलं आहे आणि दर दिवाळीला त्यावर नवा हात फिरतो. तिथं सरपंच बिनविरोध, सोसायटी बिनविरोध, गणपती मंडळाचा अध्यक्षसुद्धा बिनविरोध. दोन माणसं एका जागेसाठी उभी राहिली तर गावाची अब्रू गेली असं तिथं मानतात. त्या गावचा माणूस भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागावी तशी माझ्याकडे तक्रार मागत होता.

"कसली तक्रार?"

"कसलीबी चालंल. पर खरी वाटाय पाहिजे. तुमी समितीच्या अध्यक्ष हाय की."

मी सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या माझ्या खोलीत चहाचं आधण ठेवून उभी होते. तो चहा तसाच उकळत राहिला. तक्रार मागवून घेणारा माणूस काहीतरी झाकत असतो, हे मला शिकवायला कुणी लागत नाही. मी शाळेत शिकवत होते आणि शिकवण्यापेक्षा जास्त मी परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारल्या. त्यानं माझी नजर अशी झाली आहे की देवळात डोळे मिटून बसलेला माणूस दिसला तरी मला वाटतं, याच्या मांडीखाली चिठ्ठी असणार. माझे यजमान असताना म्हणायचे, तुला स्वर्गात घेतलं तरी तू दारात उभी राहून आत कोण कोण आहे ते विचारशील. ते गेले. त्यांच्या वाटणीची जमीन राहिली, अक्कलकोटच्या बाजूला, आणि ती भाऊजी कसतात. वर्षाची ज्वारी आणि तूर ते स्वतः जीपमध्ये घालून आणून देतात, जिना चढून पोतं आत ठेवतात आणि मग पाणी मागतात. माणूस वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल बरंच बोलणार आहे.

आता ती समिती कसली ते सांगायला हवं. गावातल्या शेतकऱ्यांनी बांधावर साग लावला, हलक्या रानात मलबार निंब लावला. ते लाकूड एक कंपनी घेते, त्याची खेळणी करते आणि ती खेळणी परदेशात जातात. तिकडच्या गिऱ्हाइकाला खात्री हवी असते की आपल्या लेकराच्या हातातला घोडा जंगल ओरबाडून किंवा कुणाचा हक्क मारून आलेला नाही. ती खात्री म्हणजे शाश्वत वनाचं प्रमाणपत्र. सोलापूर जिल्ह्यात वन म्हटलं की लोक आधी हसतात, मीही हसले होते. पण प्रमाणपत्र असलं की लाकूड उचललं जातं आणि नसलं की बांधावर पडून राहतं, हे कळल्यावर हसणं थांबलं. एकट्या शेतकऱ्याला हे सगळं झेपत नाही, म्हणून सगळ्यांचा मिळून एक गट. गटाचे अध्यक्ष भाऊजी. आणि गटाला नियम भरपूर. त्यातला एक असा की ज्याचं कुणाचं या झाडांपायी काही बिघडलं असेल त्याला तक्रार करता आली पाहिजे, मग तो सभासद असो वा नसो. आणि ती ऐकायला एक समिती पाहिजे.

त्या समितीवर मला घेताना कुणी विचारलं नव्हतं. भाऊजी हार आणि नारळ घेऊन जिना चढून आले तेव्हा मला कळलं की मी बिनविरोध निवडून आले आहे. "तुमच्याइतकं संशयी माणूस आमच्या अख्ख्या गटात न्हाय," ते म्हणाले. मी तो गौरव समजून हार घालून घेतला. त्यानंतर माझ्याकडे एकही तक्रार आली नाही. अध्यक्षपद म्हणजे तो नारळ, बाकी काही नाही.

मागच्या तपासणीला आलेल्या बाईंनी मात्र हीच गोष्ट पकडली. एवढा मोठा गट, एवढी माणसं, आणि एकाचीही एकही तक्रार नाही. तक्रारीची ही व्यवस्था चालते असं दिसत नाही, पुढच्या खेपेला दाखवा, असा शेरा त्यांनी मारला होता. कुठल्याही शहाण्या माणसानं यातून असा अर्थ काढला असता की लोक बोलत का नाहीत ते बघा. भाऊजींनी काढलेला अर्थ असा की एक तक्रार तयार ठेवा.

"याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात," मी म्हटलं.

"तुमी या तर खरं," ते म्हणाले. "गुरवारी तपासणी हाय."

बुधवारी मी एसटीनं गेले. वैशाखाचं ऊन, गाडीची पत्र्याची भिंत हाताला चटके देत होती. सोसायटीच्या गोडाऊनमध्ये सगळे सभासद जमले होते आणि तक्रार शोधायचं काम उत्साहात चाललं होतं. शेजाऱ्यानं माझा साग तोडला असं म्हणू का, असं एकानं विचारलं. भाऊजी म्हणाले, ती चोरी झाली, त्यानं सर्टिफिकेटच जाईल. बैठकीत चहा गार मिळतो असं म्हणा, असं दुसरा म्हणाला आणि सगळे हसले. तक्रार फार मोठी असून चालणार नव्हती आणि फार छोटी असली तर बाई विश्वास ठेवणार नव्हत्या. मुलगी बघायला आल्यावर चहात साखर किती घालायची यावर जशी चर्चा होते, तशी ती चालली होती.

मागच्या बाजूला पोत्यांवर बसलेला एकजण हळूच म्हणाला, "वढ्याचं काय?"

"वढ्याचं काय न्हाय," भाऊजी म्हणाले.

फार पटकन म्हणाले. बाकी प्रत्येक सूचनेवर त्यांनी हनुवटी खाजवली होती, मान हलवली होती, दोन वाक्यं बोलले होते. यावर नाही. माझे कान टवकारले. कुठंतरी पाणी मुरत होतं आणि ते ओढ्याच्या बाजूला मुरत होतं.

शेवटी फवारणीवर मत पडलं. अध्यक्षांच्या शेतात औषध फवारलं, वारा होता, ते शेजारच्या चाऱ्यावर उडालं. मग अध्यक्ष माफी मागणार, नारळ देणार, इथून पुढं वारा बघून फवारू असं कबूल करणार. तक्रारदाराचं समाधान. मी समितीची अध्यक्ष म्हणून निकाल वाचायचा. सर्वानुमते मंजूर.

"आणि तक्रार कोण करणार?"

"आक्का," भाऊजी म्हणाले.

आक्काला गावात सगळेच आक्का म्हणतात, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. माहेर पलीकडे कर्नाटकात, त्यामुळे रागात आली की कानडीत जाते. जमीन नाही; शेळ्या आहेत आणि आवाज आहे. तिच्या शेळ्या कुणाच्या उभ्या ज्वारीत शिरल्या तर ज्वारीवाल्यालाच चार गोष्टी ऐकाव्या लागतात. साधीभोळी म्हणावी अशी ती बाई नाही. मला ती कधीच पूर्ण आवडली नाही आणि तिलाही मी आवडत असेन असं वाटत नाही.

तिला गोडाऊनमध्ये बोलावलं. भाऊजींनी समजावून सांगितलं. मला वाटलं आता ती आभाळ डोक्यावर घेणार, तुमच्या नाटकात मला कशाला ओढता म्हणून. ती पदर सावरून म्हणाली, "बरं. काय म्हनायचं?"

संशयाला हे दुसरं कारण. आक्कानं 'बरं' म्हटलेलं मी लग्न होऊन या गावात आल्यापासून ऐकलं नव्हतं. भाऊजींनी तिला काहीतरी कबूल केलं असणार, असं मला तत्काळ वाटलं. बोकडाला गिऱ्हाईक, नाहीतर घरकुलाच्या यादीत वशिला. मी तिच्याकडे रोखून बघत बसले.

मग तालीम झाली. वर्गात पाठ करून आलेलं मूल मला दुरून ओळखता येतं, ते छताकडं बघून बोलतं. आक्का छताकडं बघत नव्हती. "अध्यक्षांनी फवारलं, वारा माज्याकडं व्हता, शेळ्यांचा चारा खराब झाला. सांगूनबी कुनी ऐकलं न्हाय." शेवटी बाई विचारतील समाधान झालं का, तेव्हा व्हय म्हणायचं. भाऊजी म्हणाले पुन्हा एकदा, तिनं पुन्हा म्हटलं. ते म्हणाले थोडं जोरात, तिनं जोरात म्हटलं. आणि ती कंटाळत नव्हती. उलट तिनंच विचारलं, "बाई येतील तवा समदे हितंच असतील न्हवं? समद्यांफुडं म्हनायचं?" भाऊजी खूश झाले. मला ते अजिबात आवडलं नाही.

ऊन उतरल्यावर मी एकटीच ओढ्याकडे गेले.

ओढ्याच्या काठानं कडुनिंबाची जुनी झाडं आहेत. सातबाऱ्यावर ती पट्टी सभासदांचीच, चार-सहा जणांच्या शेतांची शेपटं तिथं संपतात. पण पुराचं पाणी शिरतं म्हणून तिथं कुणी कधी नांगर घातला नाही, आणि आजवर ती वापरली गावानं. शेळ्या तिथं. आषाढात लिंबोळ्या पडायला लागल्या की बायका तिथं. त्यांची एक रीत होती आणि ती मी नवी नवरी असताना पाहिली होती: हंगामाच्या तोंडाला जी बाई ज्या झाडाखालची जागा झाडून घेईल, तिचं ते झाड त्या हंगामापुरतं. झाडून काढलेला गोल दिसला की दुसरी तिथं हात लावत नसे. लिंबोळीची पेंड करणारे येऊन माल घेऊन जात. ज्यांच्या नावावर एक गुंठा नाही, त्या बायकांच्या नावावर त्या दोन महिन्यांत एकेक झाड असे.

तिथं आता तार होती. काटेरी, चांगली ताणलेली, लोखंडी खांबांवर. आणि पाटी: 'संवर्धन क्षेत्र. प्रवेश बंद.' खाली गटाचं नाव.

मग मला सगळं कळलं, कारण नियम मला पाठ होते. गटानं आपल्या जमिनीचा काही भाग निसर्गासाठी मोकळा सोडायचा असतो. पीक नाही, तोड नाही, चराई नाही. कुणी आपली पिकती जमीन सोडायची यावर कुठल्याही दुसऱ्या गावात डोकी फुटली असती. इथं ते बिनविरोध झालं. ओढ्याकाठ सोडला. कुणाचं ज्वारीचं एक कणीस कमी झालं नाही. ज्यांचं गेलं त्या सभासद नव्हत्या, म्हणून त्या बैठकीत नव्हत्या, म्हणून ते सर्वानुमते झालं. मला असा राग आला की मी ती पाटी हातानं हलवून बघितली. पक्की होती.

आणि तरीही खोटं सांगणार नाही, तारेच्या आत सुंदर झालं होतं. गवत गुडघ्याएवढं, शेळ्यांनी न खाल्लेली निंबाची रोपं सगळीकडे उगवलेली, आणि कसले कसले पक्षी. मला बरं वाटलं. लगेच त्या बरं वाटण्याचाही संशय आला.

संध्याकाळी जेवताना मी विचारलं, "भाऊजी, लिंबोळ्यांचं काय?"

"जात्यात की बायका कुटंतरी."

"कुठं?"

त्यांनी माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. "वहिनी, एवड्या माणसांचा गट चालवायचा म्हंजी समद्यांचं समाधान हुईत न्हाय. लाकूड पडून ऱ्हायलं तर हीच माणसं माज्या दारात येतील. तवा तुमची समिती येनार हाय का?"

त्यात खोटं काहीच नव्हतं, हेच वाईट होतं. आक्काच का निवडली, असं मी विचारलं. ते म्हणाले, ती सभासद नाही, तिच्या तक्रारीनं कुणाचं नाव खराब होत नाही.

गुरुवारी तपासणीच्या बाई आल्या. वयानं लहान, डोक्याला टोपी. मी आधी त्यांचे बूट बघितले. तपासायला आलेल्या माणसाचे बूट स्वच्छ असले की तो कागदच तपासणार हे नक्की. त्यांच्या बुटांना मुरूम लागलेला होता, म्हणजे सकाळपासून त्या शेतातून हिंडल्या होत्या. तरी मी त्यांना एवढ्यात पास करणार नव्हते.

गोडाऊन भरलं होतं. आक्काला पुढं बसवलं. तिनं आपलं सगळं नीट म्हटलं, फवारणी, वारा, चारा, सांगूनबी कुनी ऐकलं न्हाय. एक अक्षर चुकलं नाही. भाऊजी उठले, हात जोडून माफी मागितली, नारळ दिला. ते इतकं छान करतात की मला क्षणभर खरंच वाटलं त्यांनी फवारलं होतं. बाईंनी लिहून घेतलं आणि आक्काकडे वळून विचारलं, "आजी, तुमचं समाधान झालं का?"

"न्हाय," आक्का म्हणाली.

लोक हसले. सगळ्यांना वाटलं विसरली. भाऊजी वाकून हळूच म्हणाले, "आक्का, व्हय म्हनायचं."

"ठावं हाय मला काय म्हनायचं. साकु!" म्हणजे पुरे, ती कानडीत गेली होती. मग ती बाईंकडे वळून पुन्हा म्हणाली, "न्हाय. समाधान न्हाय. तार काढा."

"कसली तार?" बाईंनी विचारलं.

आणि आक्का बोलायला लागली. कशासाठी तिनं 'बरं' म्हटलं होतं, कशासाठी सगळ्यांसमोर म्हणायचं का असं विचारलं होतं, ते मला तिथं उमगलं. तिला कुणी काही कबूल केलं नव्हतं. या गावात तिला सगळ्यांसमोर बसवून, कुणी मध्ये न बोलता, बोलायला सांगितलं जातंय असं पहिल्यांदाच घडत होतं; ती संधी तिनं खोट्या तक्रारीच्या भावात घेतली होती. मी संशय घेतला होता तो बरोबर होता, फक्त तो चुकीच्या बाजूला घेतला होता. झाड झाडून घ्यायचं कसं, ते तिनं सांगितलं. तिचं झाड कुठलं ते सांगितलं. आता झाडू घेऊन तारेबाहेर उभं राहायचं का, असं विचारलं.

"ही आमच्या ज्वारीत शेळ्या घालती, ते सांग की!" मागून एकजण ओरडला.

"घातल्या," आक्का म्हणाली. "वढ्यावर तार घातली तवापास्नं घातल्या. कुटं घालू मग? तुज्या घरात घालू?"

आता कुणी हसत नव्हतं. बाई म्हणाल्या, "मला यात सल्ला देता येत नाही. मी फक्त काय दिसलं ते नोंदवू शकते. निर्णय तुमच्या समितीचा." आणि गोडाऊनमधली सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

"वहिनी, आवरा," भाऊजी म्हणाले. ओठ न हलवता म्हणाले.

मला भीती वाटली. दुसरा शब्द नाही. ही फवारणीची तक्रार होती, तारेची वेगळी, ती पुढच्या खेपेला घेऊ, एवढं वाक्य म्हटलं की सगळे चहाला उठले असते. माझी जमीन हा माणूस कसत होता. यजमान गेल्यावर माझ्या दारात उभं राहणारं त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. आणि प्रमाणपत्र गेलं असतं तर या सगळ्यांचं लाकूड बांधावर पडलं असतं, तेही माझ्या एका वाक्यानं.

"ओढ्यावर जाऊ," मी म्हटलं. "निकाल तिथं देऊ."

ओढ्यावर बाई हरखल्या. रोपं बघून, गवत बघून, खाली वाकून वाकून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्या या पट्टीबद्दल चांगलंच लिहिणार होत्या. निसर्गाचं भलं झालं होतं, हे कुणीही बघून सांगितलं असतं. एका सभासदानं तोडगा काढला, लिंबोळ्यांच्या दिवसांत बायकांना आत सोडू. आक्का म्हणाली, "आन शेळ्या? त्यांना पाटी वाचून दावू का?"

सोडायचीच असेल तर ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी सोडावी, असं मी म्हटलं. गोष्ट इतकी सरळ होती की म्हणताना मला कमीपणा वाटला. मी विचारलं, कोण सोडतं? जो तो दुसऱ्याच्या शेताकडे बोट दाखवायला लागला.

मग मी माझा माळ सोडला. वाटणीत आलेला वरच्या अंगाचा मुरमाड तुकडा. गवतापलीकडे तिथं कधी काही पिकलं नाही. बाईंना विचारलं, माळरान चालतं का. त्या म्हणाल्या, माळरान जंगलाइतकंच मोलाचं असतं, लोक त्याला पडीक म्हणतात तो भाग वेगळा. मी लगेच हात लांब करून हद्द दाखवली, इथून त्या खांबापर्यंत आणि तिथून ओढ्याच्या वळणापर्यंत.

"तितं मी खड्डे घेतलेत," भाऊजी म्हणाले. पावसाळ्यात ते तिथं मलबार निंब लावणार होते. मला ते ठाऊक नव्हतं. "मला न इचारता?"

"जमीन माझी आहे, भाऊजी."

हे मी सगळ्यांसमोर म्हणायला नको होतं. त्यांचा चेहरा उतरला. मग ते ताठ झाले आणि बाईंकडे बघून म्हणाले, "माजा इरोद हाय. ल्ह्या. अध्यक्षांचा इरोद."

गावात कुणी खाली बघत होतं, कुणी आभाळाकडे. तंटामुक्त गावात हात वर करून मोजणी झाली. ओढ्याची तार काढून माळावर घालायचा ठराव काठावर पास झाला. आणि त्या बाई, ज्यांना मी सकाळपासून पकडायचा प्रयत्न करत होते, आनंदानं लिहीत होत्या: गटात मतभेद मोकळेपणानं मांडले जातात, अध्यक्षांच्या विरोधातही निर्णय होतो. प्रमाणपत्र राहिलं. ते भाऊजींच्या विरोधामुळे राहिलं, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. माझी हिंमत नाही.

त्यानंतर भाऊजींचा रोज सकाळी चहाच्या वेळी येणारा फोन बंद झाला. मी तो किती शिव्या घालत उचलायची, आणि बंद झाल्यावर चहा घेताना कितीदा त्या फोनकडे बघायची, ते माझं मलाच माहीत.

आषाढात मी न कळवता गावाला गेले. तार खरंच हलली की नुसती ठरावात हलली, ते बघायचं होतं. ओढ्याकाठ मोकळा होता. निंबांखाली झाडून काढलेले स्वच्छ गोल, त्यांत पिवळ्या लिंबोळ्यांचा सडा. शेळ्यांनी बरीच रोपं फस्त केली होती, ते बघून मात्र जीव चुटपुटला. मग मी माळावर गेले. तार ओढून नीट घातलेली, पाटी सरळ, खड्डे बुजवलेले. भाऊजींनी स्वतः उभं राहून करून घेतलं असणार. इतकं चोख काम बघून मला पुन्हा संशय आला.

आक्का तारेच्या कडेकडेनं येताना दिसली. डोक्यावर लिंबोळ्यांची पाटी, पदर घामानं ओला. मला वाटलं दोन चांगले शब्द बोलेल. खरं सांगायचं तर त्यासाठीच मी तिथं थांबले.

"बाई, बरं झालं भेटला," ती म्हणाली. "माजी तक्रार हाय."

"आता कुणाची?"

"तुमची."

तिनं हनुवटीनं दाखवलं. तिच्या वस्तीवरून ओढ्याला जाणारी पायवाट माळावरून येत होती आणि थेट तारेत शिरत होती. आत गवतात ती थोडं अंतर दिसत होती, मग दिसत नव्हती. डोक्यावर ओझं घेऊन तिला आता अख्ख्या माळाला वळसा घालावा लागत होता, सकाळ-संध्याकाळ, शेळ्यांमागं वेगळा. हे भाऊजींनी मुद्दाम केलं, माझा सूड उगवला, असं मला आधी वाटलं. नाहीतर हिला त्यांनीच शिकवून पाठवलं. मी दोन्ही बाजूंनी तार बघत चालले. ती मी हात लांब करून दाखवलेल्या हद्दीवरच होती. एक वीतही इकडेतिकडे नव्हती.

"मी यावर निकाल देऊ शकत नाही, आक्का," मी म्हटलं. "तक्रार माझ्यावरच आहे. दुसरं कुणीतरी बसवावं लागेल."

"मी बसते की."

मला हसू आलं, आणि रागही आला. "तक्रार तुझी आणि निकालही तूच देणार? असं कुठं असतं का?"

आक्कानं डोक्यावरची पाटी दोन्ही हातांनी नीट धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मग आजवर काय व्हतं, बाई?"